संग्रहातली बार्बी खोक्याबाहेर काढावी का?

अबोली

माझ्याकडच्या बार्बी बहुतेक सगळ्या मोठ्यांसाठी काढलेल्या मालिकांतल्या आहेत आणि एकही खोक्यात नाही. मागे एका धाग्यावर कुणीतरी 'इतकी महागाची बाहुली उघडून ठेवलीत?' असं विचारलं होतं. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

पहिली बार्बी ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत लोकांसमोर आली. किंमत ३ डॉलर. बार्बीच्या निर्मात्या रूथ हँडलर यांची सगळी कल्पनाच कपडे बदलण्यावर उभी होती. बाहुली एकदा घ्यायची आणि कपडे वेगळे घेत राहायचे. शार्लट जॉन्सन यांनी तिच्यासाठी बेतलेले कपडे अस्तर, चिमुकल्या चेन, टिचबटणं यांसकट जपानमध्ये शिवले जात. त्या पहिल्या बार्बीच्या तळपायांना भोकं होती आणि आत तांब्याच्या नळ्या, म्हणजे काळ्या गोल स्टँडच्या दांड्यांवर तिला उभं करता यायचं. ती घराघरांत उभी राहणार, तिचे कपडे रोज बदलले जाणार, हे धरूनच ती घडवली होती. खोकं होतं साध्या पुठ्ठ्याचं. झाकण उचललं की बाहुली हातात. समोर पारदर्शक खिडकी, मागे छापील देखावा आणि बाहुली दोऱ्यांनी पुठ्ठ्याला शिवून टाकलेली, हे सगळं पुढचं.

न उघडण्याची सवय प्रामुख्याने १९८८ नंतर पसरली. त्या वर्षी नाताळसाठी लाल झग्यातली पहिली 'हॅपी हॉलिडेज' बार्बी आली, ती दुकानांतून भराभर संपली आणि पुढे तिची किंमत वाढली. मग दरवर्षीची हॉलिडे बार्बी लोक खोक्यासकट कपाटात ठेवू लागले. पण सगळ्यांनीच ठेवल्या आणि मॅटेल या बार्बीच्या कंपनीनेही भरपूर काढल्या. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या त्या बाहुल्या न उघडलेल्या खोक्यात असूनही आज बऱ्याचदा मूळ किमतीच्या आसपास किंवा त्याहून कमीत मिळतात. ज्या जुन्या बाहुल्यांना खरोखर मोठी किंमत येते त्या मुख्यतः साठच्या दशकातल्या. आणि त्यांना भाव आहे, कारण मुलींनी त्या खेळून संपवल्या आणि चांगल्या स्थितीत फार थोड्या उरल्या.

२००० साली मोठ्यांसाठीच्या बार्बींचं 'फॅशन मॉडेल कलेक्शन' सुरू झालं. रॉबर्ट बेस्ट यांनी बेतलेल्या या बाहुल्या सिल्कस्टोन नावाच्या कठीण, जड प्लॅस्टिकच्या. हातात घेतली की चिनी मातीच्या बशीसारखी गार लागते, वजन जाणवतं. खिडकीतून बघून यातलं काही कळत नाही. मोज्यांच्या मागची शिवण, जॅकेटचं अस्तर, पर्सची कडी हे सगळं कुणीतरी जीव ओतून केलेलं असतं, आणि ते बाहुलीच्या पाठीमागे किंवा जॅकेटच्या आत असतं. ज्याने ते केलं त्याचं काम कुणी बघायचंच नाही का? मला हे मनापासून लागतं.

दुसरं कारण बाहुलीच्याच तब्येतीचं. खोकं हे दुकानाच्या फळीसाठी असतं, पन्नास वर्षं जपण्यासाठी नव्हे. मनगटाला, केसांना, गुडघ्यांना बांधलेली बारीक रबरं काही वर्षांत चिकट होतात, तुटतात आणि व्हिनाइलवर, म्हणजे बाहुलीच्या मऊ प्लॅस्टिकवर, पिवळा-तपकिरी वळ सोडतात. गडद लाल किंवा काळ्या कपड्याचा रंग पायांत मुरतो. पारदर्शक पट्ट्या कपाळावर घट्ट बसून केसांना घडी पाडतात. हे सगळं न उघडलेल्या खोक्यातही चालूच असतं, फक्त आपल्याला दिसत नाही.

काढताना मी खोक्याच्या फक्त तळाकडचा चिकटपट्टीचा भाग ब्लेडने कापते. आतला पुठ्ठा बाहुलीसकट बाहेर ओढायचा, उलटा करायचा आणि दोरे मागून कापायचे. समोरून कात्री घालायची नाही. खोकं, प्रमाणपत्र, पुठ्ठा सगळं सपाट करून गादीखालच्या कप्प्यात.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? न उघडणाऱ्यांनीही जरूर लिहा.

रानवाटा

वा, छान धागा. माझ्या सगळ्या बाहेरच आहेत. मला कायम धुळीचाच प्रश्न पडतो. काचेचं कपाट घेतलं, पण खिडकीसमोर आलंय. चालेल का?

अबोली

रानवाटा, खिडकीसमोर नको. काचेतूनही ऊन आलं की कपड्यांचे रंग उडतात, व्हिनाइलही बदलतं. कपाट हलवणं शक्य नसेल तर निदान जाड पडदा. आणि कपाटात जे पिवळे दिवे तापतात ते बदलून एलईडी लावा.

जुनापुराणा

मी न उघडणारा, म्हणून सविस्तर लिहितो.

अबोलीताई, गुंतवणुकीबद्दल तुमचं बरोबर आहे. पैशासाठी कुणी बाहुल्या जमवू नयेत. पण माझं कारण वेगळं आहे. मी नव्वदच्या दशकात भारतात विकल्या गेलेल्या लिओ मॅटेलच्या बार्बी जमवतो. त्यांच्या खोक्यांवर काय छापलंय, किंमत किती, मागच्या बाजूला कुठल्या बाहुल्यांची चित्रं आहेत, हे कुठल्याही पुस्तकात एकत्र मिळत नाही. आपल्याकडे बाहुली ठेवली गेली आणि खोकं रद्दीत गेलं. त्यामुळे आज भारतीय बाहुली मिळते, तिचं खोकं मिळत नाही. कुठली साडी कुठल्या बाहुलीची हे ठरवायला खोक्यातली एखादी बाहुलीच पुरावा असते. 'एक्स्प्रेशन्स ऑफ इंडिया' मालिकेतली रूपवती राजस्थानी किंवा सोहनी पंजाब दी सुटी विकायला येते तेव्हा ओढणी एकीची, दागिने दुसरीचे, असं सर्रास असतं. बंद खोकं बघितलं की वाद मिटतो.

तेव्हा सरसकट 'उघडा' असं म्हणू नका, ही विनंती. आजच्या ज्या बाहुल्या लाखांनी निघतात आणि ज्यांचे फोटो सगळीकडे आहेत त्या खुशाल उघडा. ज्यांची नोंदच नाही त्यांच्या बाबतीत थांबा.

अबोली

जुनापुराणा, हे पटलं. भारतीय खोक्यांचा विचार मी केला नव्हता असं नाही, पण 'पुरावा' म्हणून इतक्या नेमकेपणाने कुणी मांडलेलं वाचलं नव्हतं. एक सुचवू का? आत्ता आहेत त्याच स्थितीत खोक्यांच्या सहाही बाजूंचे आणि खिडकीतून दिसणाऱ्या बाहुलीचे फोटो काढून ठेवा. रबरं आतल्या आत बाहुलीचं काय करतील ते आपल्या हातात नाही, नोंद तरी राहील. आणि ते फोटो या धाग्यावर टाकलेत तर अनेकांची सोय होईल.

मृण्मयी_ठाणे

जुन्या भारतीय बार्बीचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे टीव्हीच्या शोकेसमध्ये, पितळी समईच्या शेजारी, खोक्यातली साडीवाली बार्बी होती. मामाने माझ्या वाढदिवसाला आणलेली. आई म्हणायची, 'मोठी झालीस की देईन, आत्ता खराब करशील.' पाहुणे आले की त्यांना दाखवायची. किती घरांत हे झालं असेल! खेळायला मात्र सावंतवाडीची लाकडी भातुकली आणि चिंध्यांची बाहुली, तिचं लग्नसुद्धा लागायचं दणक्यात. बार्बीचं लग्न कधी लागलं नाही.

आता ती बाहुली माझ्याकडे आहे. उघडली. साडी शिवूनच बसवलेली निघाली, निऱ्या मागून टाचलेल्या. ब्लाउजच्या हाताची शिवण इतकी बारीक आहे की मी आईलाही चष्मा लावून बघायला लावली. ती म्हणाली, 'तेव्हाच दिली असती तर बरं झालं असतं.' माझी मुलगी आता तिच्याशी खेळते. मला दुसरा कुठला उपयोग सुचत नाही बाहुलीचा.

कोकणकडा

मृण्मयी, अगदी अगदी. आमच्याकडेही शोकेस होतीच.

मी रत्नागिरीची, त्यामुळे पावसाळ्याबद्दल बोलते. आमच्या हवेत पुठ्ठ्याचं खोकं टिकवणं म्हणजे कसर आणि झुरळांना आमंत्रण. पुठ्ठ्याची खळ त्यांना आवडते. खोकं ओलावा धरून ठेवतं, खिडकीच्या आतून धुकं येतं, मग कपड्यांवर बुरशीचे ठिपके. बाहेर काढलेली बाहुली निदान दिसते, पुसता येते.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, कपाटात डांबरगोळ्या ठेवू नका. साड्यांच्या सवयीने आपण टाकतो, पण त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात, चिकट होतात. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या, आणि गुलाबी झाल्या की बदलायच्या. हवाबंद पिशवीतही बाहुली कोंडू नका. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं. पाय चिकट लागतात ते त्यामुळे. पिशवीत ते तसंच साचून राहतं. सुती कापडात सैल गुंडाळलेली बरी. वर्तमानपत्रात अजिबात नको, शाई उतरते.

सुईदोरा

मी बाहुल्यांसाठी शिवते. खोक्याबाहेरच्या बाहुलीचा खरा आनंद मला यातच वाटतो, म्हणून जरा लांबण लावते.

बार्बीची उंची साडेअकरा इंच, म्हणजे साधारण एकास सहा प्रमाण. नऊवारी साडी सव्वाआठ मीटरची. सहाने भागा, सुमारे एक मीटर सदतीस सेंटिमीटर येते. पन्हा भागला की एकोणीस-वीस सेंटिमीटर. हिशेब बरोबर आहे, पण तेवढं कापड नेसवलंत तर बाहुली फुगेल. कारण लांबी-रुंदी सहा पटीने कमी केली तरी कापडाची जाडी तेवढीच राहते. चार निऱ्याही कमरेवर गाठोडं होतात. म्हणून मी नव्वद सेंटिमीटर ते एक मीटर घेते आणि निऱ्या मोजक्याच घालते. कापड जुन्या मलमलच्या ओढणीचं किंवा विरलेल्या रेशमी साडीचं. नवीन कापडात कडकपणा असतो, ते पडत नाही. खणाचा हट्ट असेल तर फक्त चोळीला वापरा, आणि ज्याची नक्षी अगदी बारीक आहे तोच खण घ्या. मोठी नक्षी बाहुलीच्या अंगावर पडद्याच्या कापडाची वाटते.

काठ खऱ्या साडीत दोन इंचांचा असेल तर इथे आठ मिलिमीटरचा हवा. भुलेश्वर किंवा तुळशीबागेत जरीची बारीक लेस मिळते, तीच. शिवायची नाही, कडेला कच्ची टाचायची, म्हणजे चुणत नाही.

निऱ्या आधी ओल्या करून, टाचण्या लावून, वर पातळ खळ देऊन इस्त्री करते. वाळल्या की बाहुलीवर बसवायच्या आणि काष्टा मागे दोन टाक्यांनी पक्का करायचा. टाचण्या अंगावर ठेवायच्या नाहीत. आपल्या हवेत त्या गंजतात आणि व्हिनाइलला डाग पडतो.

रंगाचं अबोलींनी लिहिलंच आहे. लाल, जांभळा, काळा कुठलाही गडद तुकडा असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि आतून पांढरं अस्तर द्या. पितळी दागिनेही थेट अंगाला लागू देऊ नका. नथीसाठी नाकाला भोक पाडायची गरज नाही. तीन-चार सगळ्यांत बारीक मोती तारेत ओवायचे आणि पाण्याने निघणाऱ्या डिंकाच्या थेंबावर बसवायचे. हवी तेव्हा निघते, रंगही जात नाही.

आणि हे सगळं 'मेड टू मूव्ह' बार्बीवर करा. २०१५ पासून मिळते, बावीस सांधे आहेत, पाय सपाट. साध्या बार्बीचा पाय टाचेच्या चपलेसाठी उचललेला असतो, त्यावर नऊवारी शोभत नाही. मेड टू मूव्ह जवळपास मांडी घालून बसते. मी तिला जात्याशी बसवते.

रानवाटा

सुईदोरा काकू, फोटो टाका ना कृपया! जातं कुठून आणलंत?

सुईदोरा

टाकते गं. जातं लाकडी भातुकलीतलं आहे, माप बरोबर जुळलं.

फिरस्ती

मी बाहुल्यांचे फोटो काढतो. बार्बी सोडून थोडं ब्लाइथबद्दल सांगतो, कारण या धाग्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तिच्या गोष्टीत आहे असं मला वाटतं.

ब्लाइथ ही मोठ्या डोक्याची बाहुली अमेरिकेत केनर कंपनीने १९७२ साली काढली. डोक्याच्या मागे दोरी, ती ओढली की डोळ्यांचा रंग बदलतो, असे चार रंग. मुलांना ती आवडली नाही आणि वर्षभरातच बंद पडली. पुढे न्यूयॉर्कच्या जीना गॅरन यांनी आपली जुनी ब्लाइथ प्रवासात सगळीकडे सोबत नेली, वेगवेगळ्या कपड्यांत तिचे फोटो काढले. २००० साली ते पुस्तकरूपाने आले, त्याच वर्षी नाताळात जपानमधल्या पार्को या दुकानांच्या जाहिरातीत ती झळकली आणि २००१ पासून टाकारा कंपनीने नव्याने बाहुल्या काढायला सुरुवात केली. आज जगभर तिचे चाहते आहेत. एका बाईने बाहुली पिशवीत घालून बाहेर नेली, म्हणून हे घडलं. कपाटात खोक्यात राहिली असती तर ती सत्तरच्या दशकातलं अपयशी खेळणं म्हणूनच संपली असती.

बार्बीचे फोटो काढायचे असतील तर एकच सांगतो, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. पोटावर झोपावं लागलं तरी चालेल. वरून काढलेल्या फोटोत ती खेळणं दिसते, समोरून काढलेल्या फोटोत माणूस. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरचं ऊन. दुपारच्या उन्हात प्लॅस्टिक चमकतं.

इंद्रायणी

नमस्कार, मी नवीन आहे. २०२४ च्या दिवाळीला आलेली, फॅशन डिझायनर अनिता डोंगरे यांची बार्बी माझ्याकडे आहे. लेहंगा, वर फुलांची कोटी (बिनबाह्यांचं जाकीट), सोनेरी बांगड्या. हा धागा वाचून उघडावीशी वाटतेय, पण केसांतून डोक्याला काहीतरी टोचून बसवलंय असं दिसतंय. ओढलं तर केस येतील का?

अबोली

इंद्रायणी, स्वागत! ओढू नकाच. कपड्यांना किमतीची चिठ्ठी ज्या प्लॅस्टिकच्या धाग्याने अडकवतात तसलेच टी आकाराचे टॅग असतात ते. एक टोक डोक्याच्या आत, दुसरं पुठ्ठ्यामागे. ओढलं तर आतलं टोक व्हिनाइल फाडून बाहेर येतं. पुठ्ठ्याच्या मागून टॅग कापा, बाहुली मोकळी करा, मग केस बाजूला सारून नखं कापायच्या कटरने टाळूला अगदी लागून कापा. उरलेला तुकडा आत पडतो. डोकं हलवलं तर कधीमधी खुळखुळतो, त्याने काही बिघडत नाही.

बांगड्या आणि कानातलं पारदर्शक धाग्यांनी बांधलेलं असू शकतं. खाली पांढरी चादर अंथरूनच उघडा, नाहीतर कानातलं फरशीवर शोधत बसाल. आणि घाई नको. सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन निवांत बसा, हा सगळ्यात आनंदाचा भाग आहे.

केस मोकळे केल्यावर रबराची घडी राहिली तर गरम पाण्यात केस बुडवून, रुंद दातांच्या कंगव्याने विंचरून, वाळेपर्यंत तसेच ठेवा. तिचे केस मांडून बसवलेले असतील तर मात्र पाणी लावू नका. चेहऱ्याचा रंग आणि गळा पाण्याबाहेर ठेवा. आत पाणी गेलं की लवकर वाळत नाही, बुरशी धरते. इस्त्री किंवा केस सरळ करायचं यंत्र कधीही नाही, धागा वितळतो.

इंद्रायणी

खूप आभार, ताई. रविवारी उघडते आणि सांगते.

पाचोळा

माझा प्रश्न जुन्या बाहुलीचा. अमेरिकेतल्या चुलतबहिणीने तिच्या शेजारच्या आजींकडची साठच्या दशकातली बार्बी पाठवलीय. छोटे कुरळे केस, कानात मोती. कानांभोवती हिरवट डाग आहे. काय करू?

जुनापुराणा

पाचोळा, ही 'बबलकट' असावी. तिच्या कानातल्या मोत्यांची दांडी धातूची असते. व्हिनाइलमधल्या द्रव्यांशी तिची प्रक्रिया होते आणि हिरवा गंज आत मुरतो. या बाहुल्यांचा हा नेहमीचा आजार आहे. पहिलं काम, मोती हळूच काढा आणि वेगळ्या डबीत ठेवा. परत घालू नका. तेवढ्याने डाग वाढायचा थांबतो.

घालवायचाच असेल तर बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मुरुमांचं मलम लावतात. परदेशी संग्राहक दहा टक्क्यांचं वापरतात, आपल्याकडे औषधाच्या दुकानात अडीच आणि पाच टक्क्यांचं सहज मिळतं, त्याला वेळ जास्त लागतो. फक्त डागावर लावा, वरून पातळ प्लॅस्टिकचा तुकडा, रोज बदलून काही आठवडे. ओठांचा, भुवयांचा रंग आणि केस यांना लागू देऊ नका, सगळं फिकं करतं. जास्त वेळ ठेवलं तर त्या जागी पांढरा ठिपका पडतो, आणि खोलवर गेलेला हिरवा रंग काही महिन्यांनी परत वर येऊ शकतो. हलका डाग असेल तर मी तसाच ठेवेन. केस कानावर येतातच.

बाहुली खोक्यात आली आहे का?

पाचोळा

नाही, सुटीच आहे. पण आजींनी स्वतः लोकरीने विणलेले तिचे दोन स्वेटर सोबत आलेत. तेही साठ वर्षांचे.

सुईदोरा

पाचोळा, ते स्वेटर धुऊ नका! आधी एक कोपरा पांढऱ्या ओल्या फडक्यावर दाबून बघा, रंग उतरतोय का. बटणं बघा धातूची आहेत का. आणि सरळ, उलटे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, टाके मोजून नमुना लिहून देते.